पटकथेचा जॉनर आणि थीम: एका द्राक्षबागेची गोष्ट घेऊन

नाशिकमध्ये लिहिणाऱ्या मुलामुलींची वानवा कधीच नव्हती. साईखेडकर नाट्यगृहात किंवा कालिदास कलामंदिरात एकांकिका करणारी मुलं पुढे शॉर्ट फिल्मकडे आणि मग पूर्ण लांबीच्या चित्रपटाकडे वळतात. त्यांच्या पहिल्या पटकथांमध्ये संवाद चांगले असतात, माणसं ओळखीची वाटतात. तरीही चाळिसाव्या पानापर्यंत आपण रहस्य वाचतोय की कौटुंबिक नाट्य, हे ठरत नाही. शेवटचं पान उलटल्यावर हे सगळं कशासाठी घडलं, तेही हाती लागत नाही. यातली पहिली अडचण जॉनरची, म्हणजे चित्रपट कोणत्या प्रकारचा याची, आणि दुसरी थीमची, म्हणजे कथेच्या गाभ्यातल्या प्रश्नाची. दोन्हींवर वेगवेगळं काम करावं लागतं आणि मग ती एकाच सीनमध्ये आणावी लागतात. ते कसं करायचं, ते आपल्या जिल्ह्यातली एकच घटना शेवटपर्यंत सोबत ठेवून बघू.

१. घटना एका वाक्यात लिहा आणि तिचं जग समजून घ्या

आपलं वाक्य असं: दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदाराची सगळी द्राक्षं व्यापारी उचलून नेतो आणि पैसे न देता गायब होतो.

या बागायतदाराला अण्णा म्हणू. घरात त्यांची बायको आणि लग्नाला आलेली थोरली मुलगी आहे. वाक्यात अजून जॉनर नाही, थीमही नाही. आहे ती फक्त घटना, आणि सध्या तेवढी पुरेशी आहे.

पुढे जाण्याआधी त्या जगात जाऊन या, कारण कथानकाची यंत्रणा तिथेच सापडते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी होते आणि साधारण जानेवारीपासून माल निघू लागतो. मधल्या काळात डाऊनी, भुरी या रोगांची आणि अवकाळी पावसाची धास्ती असते. मणी तडकला की भाव गेला. तयार झालेला माल वेलीवर फार दिवस धरून ठेवता येत नाही, त्यामुळे सौदा करताना शेतकऱ्याच्या हातात वेळच नसतो. बरेचसे सौदे इसारावर आणि तोंडी शब्दावर होतात. विरळणीला आणि काढणीला मजुरांच्या टोळ्या पेठ-सुरगाण्याकडून येतात, आणि त्यांचा हिशोब बहुतेकदा शेतकऱ्याच्या हातात पैसे आल्यावर होतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. आपल्या कथेची थीम तिच्यातूनच निघणार आहे.

२. तीच घटना वेगवेगळ्या जॉनरमधून चालवून बघा

जॉनर म्हणजे प्रेक्षकाला दिलेला शब्द. तिकीट काढताना माणूस मनाशी काही ठरवून येतो: आज हसायचंय, आज श्वास रोखून बसायचंय. त्याला काय वाटायला हवं आणि कोणता प्रसंग दिसला नाही तर त्याला फसवल्यासारखं वाटेल, या दोन प्रश्नांची उत्तरं देता आली की जॉनर सापडला.

थरारपट करायचा असेल, तर छाटणीपासून सुरुवात करू नका. व्यापाऱ्याचा फोन बंद लागतो, तिथून सुरू करा. अण्णांना त्याला गाठायचं आहे आणि वेळ संपत चालली आहे. इथे सगळ्यात मोठा निर्णय माहितीचा. व्यापारी कुठे आहे हे प्रेक्षकाला माहीत आहे आणि अण्णांना नाही, तर ताण तयार होतो. दोघांनाही माहीत नाही, तर गूढ तयार होतं. नवे लेखक हा निर्णय सीन लिहिता लिहिता घेतात आणि म्हणून मधला भाग ढिला पडतो. आधीच ठरवा. इंटरव्हलला अशी माहिती यावी की सगळा पाठलाग नव्या दिशेला वळेल. उदाहरणार्थ, या व्यापाऱ्याला गावात आणणारा माणूस अण्णांच्या शेजारच्या बागेचाच मालक निघतो.

कौटुंबिक नाट्य करायचं, तर सुरुवात थोरलीच्या लग्नाच्या बोलण्यांपासून होईल. फसवणूक विसाव्या पानाच्या आसपास घडेल, पण अण्णा ती घरात सांगणार नाहीत. आता प्रेक्षक व्यापाऱ्याची वाट बघत नाही. घरात कधी कळणार, याची वाट बघतो. न वटलेला चेक थोरलीच्या हाती लागला की इंटरव्हल. शेवटचा मोठा प्रसंग पोलीस ठाण्यात घडवू नका. तो स्वयंपाकघरात घडेल, आणि व्यापारी पुन्हा दिसला नाही तरी चालेल. थरारपटात मात्र तो दिसलाच पाहिजे. एका जॉनरमध्ये जो प्रसंग टाळताच येत नाही, तो दुसऱ्यात अनावश्यक ठरतो.

विनोदी चित्रपट करायचा, तर बांधावरून वर्षानुवर्षं अबोला असलेले तीन शेतकरी एकाच गाडीत बसून व्यापाऱ्याच्या गावी निघतात आणि तिथे मुलगी बघायला आलेले पाहुणे म्हणून वावरतात. विनोदात बेत फसतो तो माणसांच्या स्वभावामुळे, योगायोगाने नव्हे. अण्णांना खोटं बोलता येत नाही, दुसऱ्याला गप्प बसता येत नाही, तिसऱ्याला जेवणाला नाही म्हणता येत नाही. इथे एक पथ्य पाळाच. हानी भरून येण्यासारखी आहे, असा विश्वास प्रेक्षकाला शेवटपर्यंत वाटला पाहिजे. तिघांपैकी एकाने विषाची बाटली हातात घेतलेली दाखवली, तर त्यापुढे कुणी हसणार नाही आणि हसू नयेही. तो प्रसंग लिहिण्याची आच तुम्हाला वाटत असेल, तर तुमचा जॉनर विनोद नाही, हे ओळखा आणि आनंदाने बदला.

भयपट थोडक्यात सांगतो. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेलेला माणूस आणि वेलींच्या ओळींमधला अंधार एवढं साहित्य पुरे. पण त्या भीतीचा फसवणुकीशी संबंध लागला पाहिजे, नाहीतर ती दुसऱ्याच कथेची भीती होईल.

आता हे तुमच्या घटनेवर करा. प्रत्येक जॉनरसाठी अर्धं पान पुरे: सुरुवात कुठून, इंटरव्हलला काय, शेवटचा मोठा प्रसंग कोणता. ज्या अर्ध्या पानाचं आपोआप दीड पान होतं, तो जॉनर तुमचा. बाजारात सध्या काय चालतं, त्यावरून निवडू नका. पटकथा लिहून पडद्यावर येईपर्यंत बाजार बदललेला असतो.

३. कथा आधीच माहीत असेल तेव्हा

दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि १९४४ साली नाशिकमध्येच गेले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ आणला तेव्हा चित्रपट हेच प्रेक्षकाला नवं होतं, शिवाय तो मूकपट. त्यांनी पौराणिक कथा निवडली, आणि पटकथाकाराने यातून शिकण्यासारखं बरंच आहे. हरिश्चंद्राची गोष्ट कीर्तनातून, नाटकातून घराघरांत पोचलेली होती. राजा कोण, तो राज्य का सोडतो, हे समजावण्यात वेळ घालवावा लागत नव्हता. सत्यासाठी माणूस किती सोसेल, या एका प्रश्नाकडे सगळं लक्ष लावता येत होतं.

ऐतिहासिक विषयालाही हेच लागू होतं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे धरून ठेवला, आणि वर्षानुवर्षं चालूनही त्या लढ्यात मंदिराची दारं उघडली नाहीत. यावर पटकथा लिहिणाऱ्याने ‘दार उघडेल का’ या प्रश्नावर उत्कंठा उभारली, तर पहिल्या रिळातच ती संपेल. उत्तर प्रेक्षकाला ठाऊक आहे. दार उघडत नाही हे दिसत असताना माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे का उभा राहतो, हा प्रश्न मात्र दोन तास टिकतो. शेवट माहीत असलेल्या कथेत जॉनरचा भार हलका होतो आणि थीमचा वाढतो.

४. वही घेऊन चित्रपट बघा

निवडलेल्या जॉनरचे चार-पाच चित्रपट घड्याळ समोर ठेवून बघा. पहिली अडचण कितव्या मिनिटाला आली, इंटरव्हलला काय घडलं, नायक सगळ्यात हताश कधी झाला, शेवटचा संघर्ष किती वेळ चालला, एवढंच लिहा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशोब असतो. त्यावरून तुमच्या पानांचा अंदाज येईल. प्रत्येक चित्रपटात सापडलेल्या प्रसंगांची वेगळी यादी करा. ते प्रसंग तुमच्याकडेही येणारच आहेत. तुमच्या माणसांकडून ते कसे घडतील, यात तुमचं कसब.

५. दोन जॉनर मिसळताना

मिसळा, जरूर मिसळा. मात्र शेवटचा मोठा प्रसंग कोणत्या जॉनरचा, हे आधी ठरवा. तोच प्रमुख, बाकीचे त्याला साथ देणारे.

पूर्वार्धात हसवायचं आणि उत्तरार्धात रडवायचं, ही आपल्याकडची आवडती रचना आहे. ती चालते, पण एका अटीवर: रडवणारी गोष्ट पूर्वार्धातल्या विनोदातच हजर असली पाहिजे. तीन शेतकरी गाडीत भांडतायत, आपण हसतोय, आणि त्याच भांडणात एकजण बोलून जातो की त्याने टोळीच्या मुकादमाचा फोन घेणं बंद केलंय. त्या क्षणी ते हसण्यावारी जातं. तासाभराने मुकादम दारात उभा राहतो तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसतो, पण अन्याय झाल्यासारखं वाटत नाही. बीज न पेरता आणलेलं दुःख उपरं वाटतं.

६. थीम शोधा: विषयापासून प्रश्नापर्यंत

‘तुमच्या पटकथेची थीम काय’ असं विचारलं की ‘शेतकऱ्यांची व्यथा’ असं उत्तर येतं. हा विषय झाला. त्याच्याशी कुणी वाद घालू शकत नाही, आणि ज्यावर वाद होऊ शकत नाही त्यावर नाट्यही उभं राहत नाही. थीम अशी हवी की दोन भली माणसं तिची दोन वेगळी उत्तरं देतील आणि दोघांचंही पटेल.

अण्णांच्या कथेत ती कुठे सापडते? पहिल्यांदा सुचतो तो विश्वासाचा प्रश्न: माणसावर विश्वास ठेवावा की नाही? ठीक आहे, पण उत्तर फार लवकर मिळतं. आणखी खणा. अण्णा फसले, हे खरं. पण त्यांच्या बागेत राबलेल्या टोळीची मजुरीही थकली आहे. त्या लोकांनीही अण्णांच्या शब्दावरच काम केलं. व्यापाऱ्याने अण्णांचं जे केलं, तेच आता अण्णा टोळीचं करणार का? इथे थीम हाताला लागते: फसवला गेलेला माणूस स्वतःचा शब्द पाळायला बांधील राहतो का?

हा प्रश्न एका बाजूला लवंडत नाही. ‘माझ्याकडेच नाहीत, तर मी कुठून देऊ?’ हे अण्णांचं म्हणणं खोटं नाही. ‘तुम्ही बुडालात म्हणून आम्ही का बुडायचं?’ हे मुकादमाचंही खोटं नाही.

प्रश्न सापडला की कागदावर चार गोष्टी लिहा. सुरुवातीला नायक या प्रश्नाचं काय उत्तर देतो. शेवटी काय देतो. मधे कोणत्या घटनेने त्याचं पहिलं उत्तर मोडलं. आणि विरोधकाचं उत्तर काय. यातल्या शेवटच्या गोष्टीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. व्यापारी नुसता बदमाश असेल, तर थीम तिथेच मरते. त्याचेही पैसे पुढच्या बाजारात कुणीतरी अडकवलेले असू द्या. त्याने स्वतःला दिलेलं उत्तर असं: ‘ज्याने मला बुडवलं त्याने माझा शब्दही बुडवला.’ म्हणजे अण्णा ज्या वाटेवर उभे आहेत, त्या वाटेवरून तो आधीच चालून गेलेला माणूस आहे. आता ते समोरासमोर आले की अण्णांना त्याच्यात स्वतःचा पुढचा चेहरा दिसेल, आणि त्यासाठी कुणाला भाषण करावं लागणार नाही.

बाकीची पात्रंही याच प्रश्नाभोवती उभी करा. बायको म्हणते, आधी घर. थोरली म्हणते, आधी टोळीची मजुरी, माझं लग्न पुढे ढकला. शेजारी म्हणतो, कुणाचंच देऊ नका, सगळे असंच करतात. ज्या पात्राकडे या प्रश्नाचं काहीच उत्तर नाही, ते बहुधा काढून टाकता येतं.

७. थीम बोलू नका, घडवा

माल उचलण्याचा सीन दोन तऱ्हांनी लिहिता येईल. पहिल्या तऱ्हेत अण्णा म्हणतील, ‘शेतकऱ्याचं सगळं आयुष्य विश्वासावर चालतं, मालक.’ वाक्य वाईट नाही. पण ते ऐकल्यावर प्रेक्षकाला करण्यासारखं काही उरत नाही. दुसरी तऱ्हा अशी:

बाग. बाहेर. संध्याकाळ.

शेवटचं क्रेट टेम्पोत चढतं. व्यापारी खिशातून नोटांचं बंडल काढतो.

व्यापारी: अण्णा, इसारात हे आणखी धरा. बाकी सोमवारी.

अण्णा बंडल न मोजता थोरलीकडे देतात. थोरली मोजू लागते.

अण्णा: पाहुण्यासमोर मोजू नये, बाळा.

थोरली मोजत राहते.

थोरली: दोन हजार कमी आहेत.

अण्णांची मान खाली. व्यापारी हसत खिशात हात घालतो, चार नोटा काढून देतो.

व्यापारी: पोरगी हुशार आहे, अण्णा. हिशोब चोखच पाहिजे.

लांबवर मुकादम उभा आहे. अण्णा त्याला हातानेच खूण करतात: सोमवारी.

यात विश्वास हा शब्द कुणी उच्चारत नाही. मोजणं हा अपमान आहे का, हा प्रश्न बाप-लेकीच्या मधे पडला. अण्णांनी मुकादमाला दिलेला शब्दही दिसला, तोही व्यापाऱ्याच्याच शब्दात. हाच सीन जॉनरचं कामही करतो. थरारपटात ते कमी असलेले दोन हजार व्यापाऱ्याने मुद्दाम कमी ठेवलेले असतील, म्हणजे लगेच भरून देऊन भरवसा जिंकता येईल. दुसऱ्यांदा बघणाऱ्याला ते कळेल. कौटुंबिक नाट्यात त्याच सीनचा भार अण्णांच्या खाली गेलेल्या मानेवर येईल. शब्द तेच राहतील, कॅमेऱ्याला बघायला लावायची जागा बदलेल, आणि ती जागा कृतीच्या ओळींमधून सुचवणं हे पटकथाकाराचं काम.

८. क्लायमॅक्स: जॉनर आणि थीम एकत्र येण्याची जागा

थीमचं उत्तर नायकाच्या शेवटच्या निवडीतून मिळतं, आणि ती निवड जॉनरने मागितलेल्या प्रसंगातच व्हावी लागते. निवडीची किंमत नायकाने मोजलेली दिसली पाहिजे. फुकटात मिळालेला चांगुलपणा प्रेक्षक मानत नाही.

थरारपटात अण्णांनी व्यापाऱ्याला गाठलं, पण त्याच्याजवळ जेमतेम टोळीची मजुरी भागेल एवढीच रोकड आहे. ती घेऊन घरी जायचं की मुकादमाकडे, ही निवड पाठलागाच्या शेवटी, दमछाक झालेली असताना आली पाहिजे. कौटुंबिक नाट्यात व्यापारी सापडतच नाही. अण्णा लग्नासाठी केलेलं सोनं पुढे ठेवतात आणि थोरली ते स्वतः मोजते. विनोदी चित्रपटात तीन शेतकरी एकमेकांच्या टोळ्यांचा हिशोब मिळून करतात, आणि बांधावरचं भांडण त्या हिशोबातही चालूच राहतं.

अण्णांनी शब्द मोडलेला शेवटही लिहिता येतो. तो जास्त कठीण आणि कदाचित जास्त खरा आहे. फक्त तो मोडताना त्यांना मुकादमाच्या डोळ्यांत बघावं लागू द्या.

९. नाशिकला कामाला लावा

गोदाघाटाचा एक शॉट टाकला म्हणून चित्रपट नाशिकचा होत नाही. ठिकाणाने जॉनरसाठी काहीतरी करायला हवं. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गावातली माणसं दुतोंड्या मारुतीकडे बघून पुराचा अंदाज घेतात: पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं. थरारपटाला यापेक्षा चांगलं घड्याळ कुठून मिळेल? पात्रांना वेळ विचारावी लागत नाही. मूर्ती दाखवली की पुरे. हाच पूर कौटुंबिक नाट्यात दोन काठांवर अडकलेल्या माणसांना बोलतं करील.

लासलगावचा कांद्याचा लिलाव, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), सातपूरमधली शिफ्ट सुटण्याची वेळ, सिंहस्थाची गर्दी, यांतलं काहीही घ्या आणि विचारा: ही जागा माझ्या नायकाची अडचण वाढवते का? वाढवत नसेल, तर सीन दुसरीकडे न्या.

१०. कार्ड मांडून तपासणी

पहिला ड्राफ्ट झाला की प्रत्येक सीनसाठी एक कार्ड करा. एका कोपऱ्यात लिहा, या सीनने जॉनरचा कोणता शब्द पाळला. दुसऱ्या कोपऱ्यात, थीमच्या प्रश्नावर कुणाचं काय उत्तर पुढे आलं. सगळी कार्डं जमिनीवर पसरून बघा.

फक्त जॉनरचा कोपरा भरलेली कार्डं काही प्रमाणात चालतात. पाठलागाला पाठलागच राहू द्यावं, प्रत्येक हसण्यामागे अर्थ शोधू नये. फक्त थीमचा कोपरा भरलेली कार्डं मात्र आधी काढा. लेखकाला तीच सगळ्यात प्रिय असतात आणि प्रेक्षक तिथेच मोबाईल काढतो. दोन्ही कोपरे रिकामे असतील, तर तो सीन फक्त माहिती देतोय. ती माहिती शेजारच्या सीनमधल्या भांडणात घाला.

मग दोघा-तिघांना वाचायला द्या, आणि त्यातला निदान एक नाटक-सिनेमाशी संबंध नसलेला असू द्या. ‘आवडलं का’ असं विचारू नका. विचारा, ‘तिसाव्या पानावर तुला पुढे काय होईल असं वाटत होतं?’ आणि ‘अण्णांच्या जागी तू काय केलं असतंस?’ पहिल्या उत्तरातून जॉनर पोचला का ते कळतं, दुसऱ्यातून थीम. वाचणारे दुसऱ्या प्रश्नावर आपसात वाद घालू लागले, तर तुमची पटकथा बरोबर चालली आहे. त्या वादात तुम्ही पडू नका, ऐका आणि टिपून ठेवा.

बाहेर पाठवण्याआधी पटकथेची नोंदणी करा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की ती ऑनलाइन करता येते. सोबत जाणाऱ्या लॉगलाइनमध्ये, म्हणजे कथेच्या एका वाक्यातल्या सारांशात, नायक, त्याची अडचण आणि जॉनर स्पष्ट दिसू द्या: ‘सगळा माल घेऊन पळालेल्या व्यापाऱ्याला थोरलीच्या लग्नाआधी गाठायला निघालेल्या द्राक्ष बागायतदाराचा, मजुरांची थकलेली देणी मानगुटीवर घेऊन केलेला पाठलाग.’ थीम तिथे वेगळी लिहू नका. ‘थकलेली देणी’ एवढ्या दोन शब्दांत ती आलेली आहे, आणि जाणता निर्माता तिथेच थांबून पुढचं पान मागेल.